गेन्सव्हिलचे तीन पुतळे

(पडद्यावर: सकाळचं कोवळं ऊन, रिकामं स्टेडियम. बाहेर ब्राँझचे तीन पुतळे.)

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात गेन्सव्हिल नावाचं गाव आहे. फ्लोरिडा विद्यापीठाचं गाव. तिथल्या फुटबॉल स्टेडियममध्ये ८८,५४८ माणसं बसतात. आपलं वानखेडे अडीच वेळा भरून वर उरतील, एवढी. आणि ही सगळी माणसं निळे-नारिंगी कपडे घालून, तोंडं रंगवून येतात ती कॉलेजातल्या पोरांचा खेळ बघायला.

फुटबॉल म्हणजे आपण पायाने खेळतो तो नव्हे. हा लंबगोल चेंडूचा, डोक्यावर हेल्मेट घालून एकमेकांवर आदळण्याचा खेळ. अकरा विरुद्ध अकरा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं. सरकलात तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू समोरच्यांकडे जातो. यातला जवळजवळ प्रत्येक प्रयत्न ज्याच्या हातात चेंडू आल्यावर सुरू होतो, तो क्वार्टरबॅक. चेंडू फेकायचा, दुसऱ्याच्या हातात द्यायचा की स्वतःच घेऊन पळायचं, हे त्यानं ठरवायचं. जिंकलं की त्याला खांद्यावर घेतात, हरलं की त्याच्याच नावानं बोटं मोडतात.

२०११ साली या स्टेडियमबाहेर तीन पुतळे बसवले गेले. स्टीव्ह स्परिअर, डॅनी वर्फल आणि टिम टीबो. तिघेही याच विद्यापीठाचे क्वार्टरबॅक. तिघांनाही हाइझमन ट्रॉफी मिळालेली. देशभरच्या कॉलेजांत मिळून वर्षाला एकाच खेळाडूला मिळणारा हा मान. स्परिअरला तो १९६६ साली मिळाला, वर्फलला १९९६ साली आणि टीबोला २००७ साली.

मग तिघेही व्यावसायिक फुटबॉलमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये गेले. आणि तिथल्या एकाही संघाला यांच्यापैकी कुणाच्या हाती आपला कारभार कायमचा सोपवावासा वाटला नाही.

दर एप्रिलमध्ये एनएफएलचा ड्राफ्ट होतो. बत्तीस संघ पाळीपाळीनं कॉलेजची पोरं उचलतात. आणि दर एप्रिलमध्ये अख्खा देश एकच प्रश्न चघळत बसतो: कॉलेजचा हा हिरो पुढं चालणार का? आम्ही ठरवलं, या तिघांनाच विचारू. आणि एका चौथ्यालाही, ज्याचा पुतळा गेन्सव्हिलमध्ये कधीच बसणार नाही.

(पडद्यावर: साठच्या दशकातली कृष्णधवल छायाचित्रं.)

२९ ऑक्टोबर १९६६. समोर ऑबर्न विद्यापीठ. शेवटची दोन-अडीच मिनिटं, २७-२७ अशी बरोबरी. चाळीस यार्डांवरून चेंडू खांबांमधून मारायचा होता. ते काम संघातल्या किकरचं, पण अंतर त्याच्या आवाक्याबाहेरचं. क्वार्टरबॅक स्परिअरनं खूण केली, मी मारतो. मारला. ३०-२७. हाइझमन त्याच दुपारी ठरली, असं गेन्सव्हिलमधले जुने लोक आजही सांगतात.

ट्रॉफी मिळाल्यावर या पोरानं ती तिथल्या तिथं आपल्या विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या हाती दिली. मग विद्यार्थ्यांनी त्याच्यासाठी तशीच दुसरी करवून घेतली. तेव्हापासून हाइझमनच्या दोन ट्रॉफ्या दिल्या जातात, एक खेळाडूला आणि एक त्याच्या कॉलेजला.

१९६७च्या ड्राफ्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोनं त्याला तिसऱ्याच क्रमांकावर उचललं. पण तिथं जॉन ब्रॉडी नावाचा मुरलेला क्वार्टरबॅक ठाण मांडून बसला होता. मग हाइझमनविजेता काय करत होता? पंट मारत होता. म्हणजे आपले प्रयत्न संपले की समोरच्यांकडे चेंडू लांब लाथाडून द्यायचा, ते काम. मधूनमधून संधी मिळाली, १९७२मध्ये तर चांगली मिळाली, पण नऊ वर्षांतला बराचसा काळ बाकावरच गेला. १९७६ साली तो टॅम्पा बे या नव्याकोऱ्या संघात आला. त्या संघानं पहिल्या हंगामात चौदा सामने खेळले आणि चौदाही हरले.

इथं जरा वाकडी वाट करतो. त्याच १९७६ साली सॅन फ्रान्सिस्कोनं जिम प्लंकेटला आणलं. तोही हाइझमनवालाच, १९७०चा. १९७१च्या ड्राफ्टमधला पहिला. न्यू इंग्लंडमध्ये पाच वर्षं मार खाऊन खिळखिळा झालेला. सॅन फ्रान्सिस्कोनंही दोन हंगामांत त्याला नारळ दिला. कुणी घेईना, तेव्हा ओकलंडच्या रेडर्सनी त्याला राखीव म्हणून ठेवून घेतलं. १९८०च्या हंगामात त्यांच्या मुख्य क्वार्टरबॅकचा पाय मोडला, प्लंकेट मैदानात उतरला आणि जानेवारी १९८१मध्ये सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकून बसला. तीन वर्षांनी पुन्हा एकदा. हाइझमन मिळवून पुढं संघाला सुपर बोल जिंकून देणारे क्वार्टरबॅक दोनच सापडतात: एक हा प्लंकेट, दुसरा रॉजर स्टॉबाक. स्टॉबाक तर कॉलेजनंतर आधी नौदलात नोकरी करून, व्हिएतनामला जाऊन, मग डॅलसच्या संघात आला.

ही ट्रॉफी १९३५पासून दिली जाते. त्यातून दोन. एक सगळ्यांनी टाकलेला, दुसरा चार वर्षं खेळापासून लांब. यातून कुणी काय नियम काढायचा तो काढावा.

(पडद्यावर: वरून दिसणारं मैदान, गवतावरच्या पांढऱ्या खुणा.)

आता मैदानाकडे जरा जवळून बघा. कॉलेजचं असो की एनएफएलचं, रुंदी तीच, १६० फूट. पण मधोमध या छोट्या पांढऱ्या रेघांच्या दोन रांगा दिसतात? प्रत्येक प्रयत्न या दोन रांगांच्या आत कुठंतरी सुरू करावा लागतो. कॉलेजात या रांगांमध्ये ४० फुटांचं अंतर असतं. एनएफएलमध्ये फक्त साडेअठरा.

एवढ्याशा फरकानं काय होतं? कॉलेजात चेंडू एका रांगेवर असला की एका अंगाला ६० फूट जागा उरते आणि दुसऱ्या अंगाला १०० फूट. शंभर फुटांचं ते मोकळं रान सांभाळता सांभाळता बचाव करणारे विखुरतात, आणि चपळ क्वार्टरबॅकला पळायला वाट मिळते. एनएफएलमध्ये चेंडू नेहमी मधल्या पट्ट्यातच. दोन्ही अंगांना जागा जवळजवळ सारखी, आणि ती झाकणारी माणसं देशातली निवडक.

कॉलेजच्या बड्या संघाकडे समोरच्यापेक्षा सरस पोरं असतात. रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा, पुष्कळदा चार-पाच पावलं पुढं निघून गेलेला असतो. मोकळा दिसला की फेकायचा. एनएफएलमध्ये मोकळा दिसेपर्यंत थांबलात की संपलंच. पाठ फिरवून पळणारा माणूस अमुक जागी पोचेल आणि तिथं वळेल, हे धरून त्या रिकाम्या जागेवर चेंडू आधीच सोडावा लागतो. हातात साधारण अडीच-पावणेतीन सेकंद. तेवढ्यात सव्वाशे-दीडशे किलोची माणसं अंगावर आलेली.

म्हणजे कॉलेजात डोळ्यांचं काम आणि एनएफएलमध्ये अंदाजाचं. ड्राफ्टआधी पोराला पळवून बघतात, उड्या मारायला लावतात, हाताचा पंजासुद्धा मोजतात. अंदाज मोजायची पट्टी अजून कुणाकडे नाही.

(पडद्यावर: नव्वदच्या दशकातलं दूरदर्शन-चित्रण. निळ्या जर्सीतला सात नंबर.)

एनएफएलमध्ये न चाललेला स्परिअर १९९० साली प्रशिक्षक होऊन गेन्सव्हिलला परतला आणि मोकळ्या हातानं पास फेकायला लावणारा खेळ त्यानं तिथं आणला. स्टेडियमला 'स्वॉम्प', म्हणजे दलदल, हे नाव त्यानंच पाडलं. संघाचं नाव गेटर्स, म्हणून मगरींची दलदल. त्याच्या हाताखाली तयार झाला डॅनी वर्फल. हवाई दलातल्या धर्मोपदेशकाचा शांत मुलगा. टचडाऊन झाला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे पोचला, की हात जोडणारा.

आता तो चौथा माणूस. पेटन मॅनिंग, टेनेसी विद्यापीठाचा. १९९५मध्ये तो या दलदलीत आला. टेनेसी ३०-१४ असं पुढं होतं. सामना संपला तेव्हा फलक होता ६२-३७, फ्लोरिडा. वर्फलचे सहा टचडाऊन पास. पुढच्या वर्षी मॅनिंगच्या घरच्या मैदानावर ३५-२९, पुन्हा फ्लोरिडा. वर्फल पदवी घेऊन गेला तरी १९९७मध्ये पुन्हा फ्लोरिडाच. मुख्य क्वार्टरबॅक म्हणून मॅनिंग गेटर्सना एकदाही हरवू शकला नाही.

वर्फलचा शेवटचा सामना मात्र बघण्यासारखा आहे. नोव्हेंबर १९९६मध्ये त्याच राज्यातल्या फ्लोरिडा स्टेट विद्यापीठानं त्याला आपटून आपटून हरवलं होतं. जानेवारीत राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात समोर पुन्हा तेच. स्परिअरनं आपला हट्ट सोडला. एरवी वर्फल चेंडू देणाऱ्याच्या पाठीला खेटून उभा राहायचा, त्याला पाच-सहा पावलं मागं उभं केलं. धावून येणाऱ्यांना तेवढं अंतर जास्त कापावं लागणार, आणि वर्फलला क्षणभर जास्त मिळणार. एवढाच बदल. फ्लोरिडा ५२, फ्लोरिडा स्टेट २०.

तो जादाचा क्षण एनएफएलमध्ये त्याला कुणी दिला नाही. हाताला फार जोर नाही, असं म्हणत संघ त्याला सोडून पुढं जात राहिले. न्यू ऑर्लीन्सनं चौथ्या फेरीत घेतलं, क्रमांक ९९. पुढं ग्रीन बे, शिकागो, वॉशिंग्टन. सहा वर्षांत मिळून दहाच सामन्यांत त्याला सुरुवातीपासून खेळवलं.

आणि मॅनिंग? १९९८च्या ड्राफ्टमध्ये पहिला. इंडियानापोलिसनं घेतला. पहिल्या हंगामात त्यानं २८ वेळा चेंडू थेट विरोधकांच्या हातात फेकला. नवख्या खेळाडूचा तो विक्रम होता, लाजेचा. संघ सोळापैकी तेरा सामने हरला. तरी सोळाच्या सोळा सामने त्यालाच खेळवलं. क्रमांक ९९वर आलेल्या मुलाला कोण अठ्ठावीस चुका करू देईल? मला विचाराल तर ड्राफ्टचा आकडा म्हणजे चुका करायचं रेशनकार्ड. पहिल्या नंबरवाल्याला पोतं मिळतं, शंभराव्याला पसाभर.

अर्थात पोतं मिळालेले सगळेच तरत नाहीत. त्याच वर्षी मॅनिंगपाठोपाठ दुसऱ्या क्रमांकावर रायन लीफ गेला, सॅन दिएगोला. दोघांत जास्त चांगला कोण, यावर महिनोन्‌महिने वाद झाले होते. लीफनं तिसऱ्याच सामन्यात पंधरा पास फेकले, त्यातला एक पोचला. चार यार्ड. पुढं दुखापती आल्या, पत्रकारांशी आणि संघातल्यांशी खटके उडाले. आज ड्राफ्ट फसल्याचं उदाहरण म्हणून त्याचंच नाव घेतात.

स्परिअरला मात्र आपल्या विद्येवर भरवसा होता. २००२ साली वॉशिंग्टननं त्याला प्रशिक्षक म्हणून नेलं. पाच वर्षांचे अडीच कोटी डॉलर. जाताना त्यानं आपले जुने शिष्य, वर्फलसुद्धा, बरोबर घेतले. म्हणजे पुतळ्यांतले दोघे एकाच संघात, एक मैदानात आणि एक काठावर. पहिल्या वर्षी सात विजय, दुसऱ्या वर्षी पाच, आणि राजीनामा. गेन्सव्हिलहून पुस्तकं जशीच्या तशी उचलून आणली, पण शाळा वेगळी होती.

वर्फल नंतर न्यू ऑर्लीन्सच्या एका गरीब वस्तीत धर्मादाय कामाला लागला. त्याचं घर २००५च्या कॅटरिना वादळात बुडालं. ते काम त्यानं सोडलं नाही.

(पडद्यावर: १५ नंबरची जर्सी. क्वार्टरबॅक धावत येतो, हवेत उडी घेतो.)

हा टिम टीबो. ऑक्टोबर २००६, समोर एलएसयू, म्हणजे लुईझियाना स्टेट विद्यापीठ. एक यार्ड बाकी. सगळ्यांना माहीत होतं की हा पोरगा मुसंडी मारणार. तो धावत आला, बचावाची भिंत त्याच्या रोखानं सरसावली, आणि त्यानं जागच्या जागी उडी मारून, बास्केटबॉल टाकावा तसा, चेंडू तिच्या डोक्यावरून पलीकडे टाकला. टचडाऊन. तेव्हा तो पहिल्या वर्षाला होता.

फिलिपिन्समध्ये मिशनरी आईबापांच्या पोटी जन्मलेला, घरीच शिकलेला, डावखुरा. अंगानं रेड्यासारखा. २००७मध्ये त्यानं ३२ टचडाऊन पास फेकले आणि २३ टचडाऊन स्वतः पळून केले. दुसऱ्या वर्षाला असताना हाइझमन मिळवणारा तो पहिलाच.

सप्टेंबर २००८मध्ये ओल मिसनं, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठानं, फ्लोरिडाला तिच्याच घरच्या मैदानावर ३१-३० असं हरवलं. शेवटी चौथ्या प्रयत्नात एक यार्ड हवा होता, टीबोला अडवलं. सामन्यानंतर तो पत्रकारांसमोर आला, डोळ्यांत पाणी. म्हणाला, यापुढं माझ्याइतकं जीव तोडून खेळणारा कुणी तुम्हाला दिसणार नाही. त्यानंतर फ्लोरिडा त्या हंगामात एकही सामना हरली नाही आणि राष्ट्रीय विजेती झाली. त्याचं ते बोलणं आज स्टेडियमच्या भिंतीवर कोरलेलं आहे.

आता त्याचा हात बघा. हे चित्रण आम्ही मुद्दाम हळू केलंय.

(पडद्यावर: संथ गतीत टीबोची फेक, पुन्हा पुन्हा.)

फेकायचं ठरलं. चेंडू छातीशी आहे. इथून तो सरळ कानामागं जायला हवा आणि सुटायला हवा. टीबोचा हात आधी खाली येतो, पार कमरेपर्यंत. मग मागून मोठा फेरा घेत वर. मग सुटतो. रहाटाला पोहरा लावल्यासारखं. हे सगळं डोळ्याची पापणी लवेपर्यंत होतं, पण तेवढ्यात एनएफएलचा बचाव करणारा दोन पावलं टाकून मोकळा होतो. कॉलेजात ती दोन पावलं कुणी टाकत नव्हतं. उलट कॉलेजच्या शेवटच्या सामन्यात याच हातानं त्यानं ३५पैकी ३१ पास पोचवले, ४८२ यार्ड.

२०१०च्या ड्राफ्टमध्ये डेन्व्हरनं आपल्या तीन निवडी दुसऱ्या संघाला देऊन त्याला पंचविसावा उचलला. ज्या प्रशिक्षकानं हौसेनं घेतला, त्याची नोकरी त्याच डिसेंबरात गेली.

मग २०११. संघ पाचपैकी चार सामने हरला आणि टीबोला पुढं केलं. मायामीत शेवटची तीन मिनिटं उरेपर्यंत डेन्व्हर ०-१५नं मागं. जिंकले १८-१५. नव्या प्रशिक्षकानं, जॉन फॉक्सनं, एक शहाणपणा केला. या पोराला एनएफएलचा खेळ शिकवत बसण्याऐवजी त्यानं कॉलेजचाच खेळ एनएफएलमध्ये आणला. पळा, पळा, आणि अगदीच अडलं तर फेका. कॅन्सस सिटीविरुद्ध टीबोनं पूर्ण सामन्यात आठ पास फेकले, त्यातले दोन पोचले, आणि डेन्व्हर १७-१० असं जिंकलं. जाणकार कपाळावर हात मारून घेत होते. त्या हंगामात त्याचे निम्मेसुद्धा पास पोचले नाहीत. संघ मात्र आपल्या गटात पहिला.

८ जानेवारी २०१२. बाद फेरी, समोर पिट्सबर्ग. २३-२३, जादा वेळ. पहिलाच चेंडू. टीबो पळणारच, म्हणून पिट्सबर्गचे मागचे राखणदार पुढं सरकलेले. त्यानं मधल्या मोकळ्या पट्ट्यात फेकला, डिमेरियस थॉमसनं पळता पळता झेलला, एकाला हातानं ढकललं, आणि ऐंशी यार्ड. अकरा सेकंदांत सामना संपला. टीबोचे त्या दिवशीचे पास भरले ३१६ यार्ड. कॉलेजात राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात त्यानं डोळ्यांखालच्या काळ्या पट्टीवर बायबलमधल्या योहानाच्या वचनाचा आकडा लिहिला होता, ३:१६. लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं.

पुढच्याच आठवड्यात न्यू इंग्लंडनं डेन्व्हरला ४५-१०नं झोपवलं. मागचे राखणदार मागंच राहिले. गंमत एकदाच चालते.

आणि मार्चमध्ये डेन्व्हरनं नवा क्वार्टरबॅक आणला. वय ३५, मानेवर शस्त्रक्रिया झालेल्या, आदलं पूर्ण वर्ष मैदानाबाहेर. तरी आणला. नाव पेटन मॅनिंग. दुसऱ्या दिवशी टीबोची रवानगी न्यूयॉर्क जेट्सकडे. गेटर्सना कधीही न हरवलेल्या माणसानं गेटर्सच्या लाडक्याला घराबाहेर काढलं, तेही एकही पास न फेकता. त्याच थॉमसला घेऊन मॅनिंग २०१३मध्ये ५५ टचडाऊन पास फेकणार होता, आणि फेब्रुवारी २०१६मध्ये दोघं मिळून सुपर बोल जिंकणार होते.

जेट्सनी पूर्ण हंगामात टीबोला आठ पास फेकू दिले. उरलेला वेळ तो पंटच्या वेळी, पंट मारणाऱ्याला कुणी पाडू नये म्हणून त्याच्या पुढं उभा राहायचा. पंचेचाळीस वर्षांपूर्वी पहिला पुतळा पंट मारत होता, आता तिसरा पंट राखत होता.

मग न्यू इंग्लंड, फिलाडेल्फिया, दोन्हीकडून हंगामाआधीच निरोप. मधेच बेसबॉल, तीही खालच्या पातळीवरची. २०२१ साली जॅक्सनव्हिलमध्ये चौतिसाव्या वर्षी पास झेलणाऱ्याच्या जागेसाठी शेवटचा प्रयत्न. तोही ऑगस्टातच आटोपला.

(पडद्यावर: गेन्सव्हिल, शनिवार. पुतळ्यांपाशी फोटो काढणारी गर्दी.)

सामन्याच्या दिवशी या तिघांपुढं रांग लागते. आईबाप पोरांना पुतळ्यापुढं उभं करतात, नीट उभा राहा म्हणतात. एनएफएलमधली आकडेवारी इथं कुणी काढत नाही. बाहेरच्यांनी ती काढली तर, टॅम्पा बेचे ते चौदा पराभव काय आम्ही बघायला गेलो होतो, असा एकूण सूर. मला तो पटतो. ऐंशी-नव्वद हजार माणसं ज्या खेळाला येतात, त्याला पुढच्या नोकरीची तालीम कशी म्हणायची?

ड्राफ्टवाल्यांनीही पुतळ्यांकडे बघणं सोडलंय बहुतेक. याच गावात वाढलेला, इथल्याच ईस्टसाइड हायस्कूलचा अँथनी रिचर्डसन. गेटर्ससाठी त्यानं मुख्य क्वार्टरबॅक म्हणून जेमतेम तेरा सामने खेळले. हाइझमन नाही, विजेतेपद नाही. पण ड्राफ्टआधीच्या चाचणीत तो ४० यार्ड ४.४३ सेकंदांत पळाला आणि क्वार्टरबॅकांमधला उंच उडीचा विक्रम मोडून आला. २०२३मध्ये तो चौथ्या क्रमांकावर गेला. वर्फल आणि टीबोच्या कितीतरी आधी. घेणारा संघ इंडियानापोलिस, मॅनिंगचा जुना.

पहिल्या वर्षी चार सामने आणि खांद्याची शस्त्रक्रिया. दुसऱ्या वर्षी निम्म्याहून कमी पास पोचले, मधेच बाकावर बसवलं. २०२५च्या ऑगस्टमध्ये मुख्य जागा डॅनियल जोन्सकडे गेली. रिचर्डसन तेव्हा तेवीस वर्षांचा होता. प्लंकेटला ओकलंडनं राखीव म्हणून ठेवून घेतलं, तेव्हा तो तिशीला पोचला होता.